‘आधी’ म्हणजे कुणाच्या घड्याळात आधी? मालिकांमधल्या काळप्रवासाचे नियम, सोप्या भाषेत

पावसाची रात्र. जंगलातला रस्ता, पुढे एक पूल. गाडीत नवरा, बायको आणि त्यांची तान्ही मुलगी. रस्त्याच्या मधोमध अचानक एक मुलगा आणि एक मुलगी उभी दिसतात आणि करकचून ब्रेक लागतो. ती मुलगी सांगते, पूल बंद आहे, परत फिरा. गाडी वळते. पुलावर जो अपघात व्हायचा होता तो टळतो. मुलगा, सून आणि नात एका रात्रीत गमावून ज्या घड्याळजीने काळयंत्र बांधायला घेतलं होतं, तो आता ते बांधणार नाही. यंत्र नाही म्हणजे त्या यंत्रामुळे निर्माण झालेली दोन जगंही नाहीत. आणि रस्त्यात उभे असलेले ते दोघं जन्मले होते नेमके त्याच दोन जगांत.

‘डार्क’ या जर्मन मालिकेचा हा शेवट. २०१७ ते २०२० या काळात ३ सीझन, २६ एपिसोड. शेवटचा सीझन आला २७ जून २०२० ला, म्हणजे मालिकेत ज्या दिवशी जग बुडतं त्याच तारखेला. माझी धाकटी बहीण माझ्याबरोबर बसून तो बघत होती. पडदा काळा झाला, नावं सरकायला लागली आणि ती म्हणाली, “दादा, ते दोघं जन्मलेच नाहीत, तर गाडी अडवली कुणी?”

हा प्रश्न जगभरच्या चाहत्यांनी विचारला आणि त्यावर आजही तावातावाने भांडणं होतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नसलेल्या यंत्रावरून हा काय वाद! पण त्यात शिरलं की कळतं, भांडण यंत्राचं नाहीच. ते ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन साध्या शब्दांचं आहे. ते कसं, हे पायरीपायरीने बघू. पुढे ‘डार्क’, ‘लॉस्ट’, ‘स्टार ट्रेक’ आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकांमधले प्रसंग उघड होणार आहेत. ज्यांना त्या अजून बघायच्या आहेत त्यांनी आधी बघून या, लेख कुठे पळत नाही.

मनगटावरचं घड्याळ आणि भिंतीवरचं कॅलेंडर

एक साधी सवय लावून घेतली की अर्धा गोंधळ मिटतो. काळप्रवासाच्या प्रत्येक गोष्टीत दोन वेळा चालू असतात. एक भिंतीवरच्या कॅलेंडरची, म्हणजे जगाची. दुसरी प्रवाशाच्या मनगटावरच्या घड्याळाची, म्हणजे त्याची स्वतःची. एरवी या दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून आपल्याला त्या वेगळ्या आहेत हे जाणवतच नाही. प्रवासी २०१९ मधून १९८६ मध्ये गेला की कॅलेंडर ३३ वर्षं मागे जातं, पण घड्याळ पुढेच टिकटिकत राहतं. त्याची दाढी वाढते, भूक लागते, आठवणी एकावर एक साचत जातात.

अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७६ मध्ये एका निबंधात हा फरक नीट मांडला. तेव्हापासून या विषयावर गंभीरपणे बोलणारा प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या रूपात तो वापरतो. “योनास (‘डार्क’चा नायक, रस्त्यात उभा असलेला तोच मुलगा) तिथे आधीच पोचला होता” असं कुणी म्हणालं की लगेच विचारायचं, कुणाच्या घड्याळात आधी? कित्येक वाद या एका प्रश्नाने तिथेच संपतात. दोघंही बरोबर असतात. एक कॅलेंडरबद्दल बोलत असतो, दुसरा घड्याळाबद्दल.

पुढे जाणं खरं आहे, अडचण मागे येण्याची

भविष्यात जाणं ही कल्पना नाही, मोजलेली गोष्ट आहे. आइनस्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं, आणि त्यांच्याच १९१५ च्या सिद्धांतानुसार उंचावरचं, म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी असलेल्या जागचं घड्याळ जलद. प्रवासात हे दोन्ही परिणाम एकत्र येतात. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या दोन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं घेऊन प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. फोनमधल्या नकाशाला वाट दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. त्याचा हिशेब आधीच धरलेला असतो म्हणून आपण योग्य गल्लीत वळतो.

आपल्या पुराणातला राजा ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे थोडा वेळ थांबतो आणि परत येतो तर पृथ्वीवर युगं उलटून गेलेली असतात. त्या कथेतही घड्याळ आणि कॅलेंडर वेगळं चाललेलंच दिसतं. पण त्यात तर्काची काही गाठ पडत नाही. राजाला वाईट वाटतं, ओळखीचं कुणी उरत नाही, एवढंच. पुढे जाणारा माणूस कुणाचं कारण बनून मागे येत नाही.

गाठ पडते ती मागे गेल्यावर. तिचं प्रसिद्ध रूप म्हणजे आजोबांचा पेच. तुम्ही भूतकाळात जाऊन, तुमच्या आई-वडिलांचा जन्म होण्यापूर्वीच, आजोबांना मारलं. मग तुम्ही जन्मला नाहीत. जन्मला नाहीत तर मारलं कुणी? माझ्या बहिणीचा प्रश्न तो हाच, फक्त आजोबांच्या जागी गाडी. या पेचातून सुटायच्या मुख्य वाटा तीन. बहुतेक मालिका त्यांतली एक धरतात आणि बहुतेक भांडणं त्या वाटा एकमेकींत मिसळल्यामुळे होतात.

पहिली वाट : छापून झालेलं पुस्तक

भूतकाळ म्हणजे छापून झालेलं पुस्तक. तुम्ही मागे गेलात तर तुमचं मागे जाणंही त्याच पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावर पहिल्यापासून छापलेलं होतं. तुम्ही काही बदलत नाही. जे घडलं होतं ते घडवायला तुम्हीही हजर होतात, एवढंच. चाहते याला बंद लूप म्हणतात. लूप म्हणजे फेरा, ज्याचा शेवट पुन्हा सुरुवातीला येऊन मिळतो.

‘डार्क’च्या दुसऱ्या सीझनमध्ये या वाटेचा एक प्रसंग आहे. वरचेवर मनात येणारा असा प्रसंग मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेला नाही. योनासच्या वडिलांनी, मिखाएलने, जून २०१९ मध्ये आत्महत्या केलेली असते. मुलाच्या नावे एक चिठ्ठी ठेवलेली असते. योनास त्याच्या आदल्या दिवसात जाऊन पोचतो, वडिलांना गाठतो आणि विनवतो, असं करू नका. वडील गोंधळून बघत राहतात. त्यांच्या मनात तसा विचारही आलेला नसतो. योनास चिठ्ठीबद्दल सांगतो, त्यानंतर काय काय घडत गेलं ते सांगतो, आणि ऐकता ऐकता वडिलांच्या ध्यानात येतं की हे घडलं नाही तर पुढचं काहीच घडणार नाही. वाचवायला आलेला मुलगाच कारण ठरतो. पुस्तकातली एक ओळही बदलत नाही, तरी ती ओळ वाचून आपण हादरतो.

‘लॉस्ट’मध्ये २००९ साली असंच घडलं. सईद १९७७ मध्ये जाऊन पोचतो आणि पुढे क्रूर होणाऱ्या बेंजामिनला तो लहान असतानाच गोळी घालतो. मुलगा मरत नाही. त्याला वाचवण्यासाठी ज्यांच्या हवाली करावं लागतं, त्यांच्यात जाऊनच तो पुढचा बेंजामिन होतो.

“म्हणजे माणसं कठपुतळ्याच?”

या वाटेवरचा पहिला आक्षेप हा, आणि तो मनापासूनचा असतो. सगळं आधीच छापलेलं असेल तर योनासने विनवण्या केल्या काय आणि न केल्या काय.

लुईस यांचं उत्तर मला अजूनही पटतं. आजोबांसमोर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस गोळी मारू ‘शकतो’ का? हात धड आहे, नेम चांगला आहे, बंदुकीत गोळी आहे. त्या अर्थी शकतो. पण आजोबा पुढे कित्येक वर्षं जगले हे आपल्याला माहीत आहे. त्या अर्थी तो मारणार नाही. त्याला रोखायला आकाशातून अदृश्य हात येत नाही. त्याचा पाय घसरतो, गोळी अडकते, ऐन वेळी मन कच्चं होतं. चारचौघांची कामं ज्या साध्या कारणांनी फसतात त्याच कारणांनी त्याचंही फसतं.

काल रेकॉर्ड करून ठेवलेला सामना तुम्ही आज बघता. शेवटच्या चेंडूवर काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून काल मैदानावरच्या फलंदाजाला कुणी दोरीने बांधलेलं होतं का? त्याने स्वतःच्या मर्जीने बॅट फिरवली. निकाल ‘ठरलेला’ आहे तो तुमच्या जागेवरून, त्याच्या जागेवरून नाही. योनासने विनवणी केली ती मुलगा म्हणून, वडिलांवरच्या मायेने. ती माया पुस्तकात छापलेली आहे म्हणून खोटी होत नाही.

तरी या वाटेवर लेखकाची कसोटी फार असते हे मान्य करायला हवं. दर वेळी बंदूकच अडकायला लागली की प्रेक्षकाला योगायोगाचा वास येतो. ‘डार्क’ तिथे जिंकते, कारण तिथे प्रयत्न फसतो तो यंत्र बिघडून नाही, माणसाच्या स्वभावामुळे.

उगमच नसलेल्या गोष्टी

पुस्तकाची वाट धरली की आणखी एक विचित्र पाहुणा येतो. त्याला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. त्याचा अर्थ, जिचा उगम शोधत गेलं की पुन्हा तिच्याशीच येऊन थांबावं लागतं अशी गोष्ट. म्हातारपणी तुम्ही तरुण स्वतःला एक वही देता. तरुण तुम्ही ती जपून ठेवता, म्हातारे होता, मागे जाऊन तीच वही देता. वही लिहिली कुणी?

इथे चाहते दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. वहीतला मजकूर एक आणि वहीचा कागद दुसरा. मजकूर फिरत राहिला तर तर्काला धक्का लागत नाही, तो फक्त अनाथ असतो. पण कागद झिजतो. पन्नास वर्षांत तो पिवळा पडणार, कोपरे दुमडणार. फेरा पूर्ण होताना ती वही पहिल्या दिवसाइतकीच नवी हवी, नाहीतर ती ‘तीच’ वही नाही. म्हणजे वाटेत कुणीतरी तिचा प्रत्येक कण बदलून दुरुस्त करायला हवा. हातात घेता येईल अशी वस्तू लूपमध्ये फिरताना दिसली की मी आधी तिचे कोपरे बघतो.

‘डार्क’ने हाच पेच माणसांवर आणला. शार्लोटची मुलगी एलिझाबेथ, आणि एलिझाबेथची मुलगी शार्लोट. दोघी एकमेकींच्या आई. माणसाचं शरीर वहीसारखं फिरत नाही, प्रत्येकी रीतसर जन्माला येते, म्हणून झिजेचा प्रश्न इथे सुटतो. पण शरीर घडवणारा निम्मा वारसा कुठून आला, हा प्रश्न तसाच उरतो. तर्क इथे खोटा ठरवता येत नाही, फक्त गरगरतो.

दुसरी वाट : पुसता येणारी पाटी

भूतकाळ म्हणजे पाटी. मागे जा, ओळ पुसा, नवी लिहा, तिच्याखालचं सगळं बदलतं. सर्वसाधारण प्रेक्षकाला हीच वाट सगळ्यात जवळची वाटते, कारण आपल्या पश्चात्तापाचा आकार असाच असतो. त्या दिवशी मी फोन केला असता तर. त्या वळणावर थांबलो असतो तर.

‘स्टार ट्रेक’चा ६ एप्रिल १९६७ ला दाखवला गेलेला एपिसोड या वाटेचा मानदंड मानला जातो. अंतराळजहाजावरचा डॉक्टर मॅकॉय औषधाच्या भलत्या मात्रेने भ्रमिष्ट होऊन १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि तिथे काहीतरी करून इतिहास बदलतो. ज्या ग्रहावरून तो गेला तिथे उभ्या असलेल्या कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्या डोक्यावरचं जहाज त्याच क्षणी नाहीसं होतं. दोघं मागोमाग जातात. कर्क तिथे एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो आणि मग कळतं की एडिथ गाडीखाली सापडून मरायला हवी होती. ती जगली तर तिची शांततेची चळवळ अमेरिकेला युद्धात उतरायला उशीर करते आणि जर्मनी जिंकतो. शेवटी मॅकॉय तिला वाचवायला धावतो आणि कर्क त्याला मागून घट्ट धरून ठेवतो. गाडी येते. कर्कचा चेहरा आपल्याला दिसतो.

आता आक्षेप. जहाज नाहीसं झालं, मग कर्क आणि स्पॉक का झाले नाहीत? त्यांचंही आयुष्य त्याच इतिहासात घडलेलं. मालिकेचं म्हणणं असं निघतं की ते काळाच्या दाराजवळ उभे होते. ते गोष्टीपुरतं चालतं. पण खरी अडचण याहून खोल आहे, आणि मला या लेखात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच.

“आधी एडिथ मेली होती, मग मॅकॉय गेला, मग ती जगली, मग कर्कने तिला मरू दिलं.” या वाक्यातले ‘आधी’ आणि ‘मग’ कुणाच्या घड्याळातले? कॅलेंडरवर ती घटना एकाच दिवशीची आहे. त्या दिवशी ती मेली तरी किंवा जगली तरी. एकाच चौकोनात दोन्ही लिहिता येत नाही. कर्कच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्यापुरतं उत्तर देतं, पण उरलेल्या जगाचं काय? पाटी ‘पुसली’ म्हणायचं तर पुसायच्या आधीची पाटी आणि नंतरची पाटी, यांच्यामधला वेळ मोजणारं तिसरं घड्याळ लागतं, जे ना भिंतीवर आहे ना मनगटावर. पाटीवाल्या प्रत्येक मालिकेत हे तिसरं घड्याळ कुठेतरी लपवलेलं असतं. ते आहे असं मान्य करून त्याचे नियम ठरवले तर काही बिघडत नाही. पण बहुतेक लेखक ते आहे हेच विसरतात, आणि मग एका एपिसोडात बदल झाल्याबरोबर माणसं नाहीशी होतात, दुसऱ्यात हळूहळू विरतात, तिसऱ्यात त्यांना काहीच होत नाही.

‘डॉक्टर हू’ ही मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झालेली. तिचा काळप्रवासी नायक म्हणजे डॉक्टर. १९६४ च्या अ‍ॅझ्टेक कथेत डॉक्टर सोबतच्या बार्बराला बजावतो की इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही. पुढच्या काळात तोच डॉक्टर बिनदिक्कत हस्तक्षेप करताना दिसतो. २००८ मधल्या पाँपेईच्या कथेत मालिकेने तोडगा पुढे केला : काही घटना अचल बिंदू आहेत, त्या बदलत नाहीत, बाकीचं सगळं बदलू शकतं. म्हणजे पाटीवर काही ओळी खोदलेल्या, काही खडूने लिहिलेल्या. कुठली ओळ कुठल्या प्रकारची हे डॉक्टरला कळतं, आपल्याला नाही. हे लेखकाच्या सोयीचं आहे ही चाहत्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण त्याच कथेत व्हेसुव्हियसचा उद्रेक घडवणारी कळ डॉक्टर आणि त्याची सोबतीण डोना दोघं मिळून दाबतात. डॉक्टरच्या हातावर डोना आपला हात ठेवते. ते बघताना नियमाची तक्रार मनात येत नाही. ती नंतर येते.

तिसरी वाट : रस्त्याला फुटलेला फाटा

मागे जाऊन काही बदललं की जुना इतिहास पुसला जात नाही, त्याला फाटा फुटतो. तुम्ही ज्या जगातून आलात ते आपल्या रस्त्याने चालतच राहतं. तुम्ही आता दुसऱ्या रस्त्यावर आहात. इथल्या आजोबांना मारलंत तरी तुमचा जन्म झालाय तो तिकडच्या आजोबांमुळे. पेच उरतच नाही. ‘लोकी’ या २०२१ च्या मालिकेचा सगळा डोलारा अशा फाट्यांवर उभा आहे. तिथे तर नको असलेले फाटे छाटणारं एक अख्खं कार्यालय आहे.

तर्काच्या दृष्टीने ही वाट सगळ्यात स्वच्छ. तिसऱ्या घड्याळाची गरज नाही, बंदूक अडकायची गरज नाही. मग सगळ्या मालिका हीच का धरत नाहीत?

कारण तिची किंमत भावनेत मोजावी लागते. तुम्ही मेलेल्या बायकोला वाचवायला मागे गेलात आणि ती वाचली. पण ती वाचली दुसऱ्या रस्त्यावर. तुमच्या रस्त्यावर ती मेलेलीच आहे, आणि आता तिथली तुमची मुलं बापावाचूनही राहिलेली आहेत, कारण तुम्ही निघून आलात. तुम्ही कुणाला वाचवलं नाही, तुम्ही फक्त स्थलांतर केलंत. फाट्यांच्या मालिकेने ही गोष्ट डोळ्यांआड केली की मला राग येतो. मागे राहिलेल्या जगाकडे एकदा तरी वळून बघायला हवं.

पण शास्त्र काय म्हणतं?

वादात कुणीतरी हा हुकमी पत्ता टाकतोच. उत्तर असं की शास्त्राने मागे जाण्याचं दार पुरतं उघडलेलंही नाही आणि बंदही केलेलं नाही. १९४९ मध्ये कुर्ट गोडेल यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांतून एक असं विश्व काढून दाखवलं, जे फिरतं आणि ज्यात पुढे पुढे जात तुम्ही स्वतःच्या भूतकाळात पोचता. आपलं विश्व तसं फिरत असल्याची खूण नाही, पण समीकरणं त्याला मनाई करत नाहीत. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमिविवराचं काळयंत्र कसं होऊ शकेल ते मांडलं. कृमिविवर म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारं बोगद्यासारखं कल्पित भोक. त्या यंत्राची एक अट मालिकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे : यंत्र तयार झालं त्या क्षणाच्या मागे त्यातून जाता येत नाही.

त्यावर जोसेफ पोल्चिन्स्की यांनी एक खोडा घातला, तो मला फार आवडतो, कारण त्यात आजोबा नाहीत, खून नाही, फक्त बिलियर्डचा चेंडू आहे. चेंडू बोगद्याच्या एका तोंडात शिरतो, दुसऱ्या तोंडातून थोडा ‘आधीच’ बाहेर पडतो आणि आत शिरायला निघालेल्या स्वतःलाच धडकून बाजूला ढकलतो. आता तो शिरलाच नाही, तर बाहेर कोण आलं? चेंडूला इच्छा नसते, मन कच्चं होत नाही. तो काय करणार?

थॉर्न यांनी एचेव्हेरिया आणि क्लिंकहॅमर यांच्यासह याचं गणित सोडवलं. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर असं : बाहेर आलेला चेंडू सरळ धडक देत नाही, नुसता घासून जातो. त्या घासण्याने पहिला चेंडू किंचित तिरका होतो, पण बोगद्यात शिरतोच. तिरका शिरल्यामुळे तिरका बाहेर येतो, आणि तिरका आल्यामुळेच सरळ धडक न देता घासून जातो. सगळं जुळतं. योनास आणि त्याचे वडील आठवा. धडक द्यायला गेला आणि घासून गेला, आणि त्या घासण्यानेच वाट ठरली. असा मेळ नेहमीच बसतो, हे म्हणणं रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांच्या नावाने ओळखलं जातं. पहिली वाट ती हीच.

फाट्यांनाही आधार आहे. १९५७ मध्ये ह्यू एव्हरेट यांनी सुचवलं की पुंजभौतिकीतली, म्हणजे क्वांटम फिजिक्समधली, प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत खरी ठरते. १९९१ मध्ये डेव्हिड डॉइच यांनी ती कल्पना काळप्रवासाला लावली. मागे जाणारा दुसऱ्या शाखेत उतरतो असं मानलं की पेच राहत नाही. पाटीच्या वाटेला मात्र भौतिकशास्त्रात असा तयार आधार नाही, आणि त्याचं कारण तेच तिसरं घड्याळ.

स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये असा कयास मांडला की निसर्ग अशी यंत्रं बनूच देत नसावा. २८ जून २००९ ला त्यांनी काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी होऊन गेल्यावर जाहीर केलं. कुणी आलं नाही. मात्र थॉर्न यांची अट लक्षात घेतली तर कुणी न येण्याने फार काही सिद्ध होत नाही. यंत्र अजून बनलेलं नसेल तर पाहुण्यांना २००९ मध्ये पोचता येणारच नाही.

“कथाच आहे ना, एवढं काय मनावर घ्यायचं?”

घ्यायचं, कारण नियम ठरवतो की पात्राच्या निर्णयाला वजन किती. पुस्तकाच्या वाटेवर प्रश्न असतो, जे टळणार नाही त्याला मी कसा सामोरा जातो. पाटीच्या वाटेवर असतो, मी काय गमवायला तयार आहे. फाट्यावर, मी कुणाला मागे सोडून आलो. तिन्ही प्रश्न मोठे आहेत. पण मालिका मध्येच वाट बदलते तेव्हा आपण ज्या प्रश्नासाठी रडलो तोच काढून घेतला जातो. चार सीझन “काही बदलता येत नाही” म्हणून मेलेल्या माणसासाठी शोक करायचा, आणि पाचव्यात कुणीतरी कळ दाबून त्याला परत आणायचं? मग तो शोक कशासाठी होता?

‘लॉस्ट’ने पाचव्या सीझनच्या शेवटाला ही जोखीम पत्करली. “जे घडलं ते घडलं” असं सांगणारा, मालिकेतला शास्त्रज्ञ फॅरडेच पुढे म्हणायला लागला की माणसं हीच बदलणारी राशी आहे आणि बॉम्ब फोडून सगळं टाळता येईल. तो बॉम्ब टाकणं हेच त्या पुस्तकातलं मूळ पान होतं की पाटी पुसण्याचा प्रयत्न, यावर आजही दोन तट आहेत. मला पहिला तट बरोबर वाटतो, कारण तसं वाचलं तर आधीच्या सगळ्या एपिसोडांचं वजन टिकतं.

मग गाडी अडवली कुणी?

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. ‘डार्क’ अडीच सीझन पुस्तकाच्या वाटेवर इतकी काटेकोर चालली की शेवट पाटीसारखा दिसला तेव्हा पुष्कळांना फसवल्यासारखं वाटलं. पण मालिकेने तिसऱ्या सीझनमध्ये एक फट दाखवून ठेवली होती. जगबुडीच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि त्या निमिषात कारण आणि परिणाम यांची साखळी सुटते. त्या फटीतून मार्था, म्हणजे रस्त्यात उभी असलेली ती मुलगी, योनासला वाचवायला जाते, आणि त्याच फटीत तिला अडवलं जाऊन ती जातही नाही. दोन्ही घडतं, दोन्ही खरं. म्हणजे मालिकेने फाटा आधीच दाखवलेला आहे.

तो धरला तर उत्तर सरळ आहे. एका रस्त्यावर अपघात झाला, यंत्र बनलं, योनास आणि मार्था जन्मले. ते मागे आले तेव्हा दुसरा रस्ता फुटला आणि त्यावर गाडी वळली. अडवली त्यांनीच, पहिल्या रस्त्यावरून येऊन. पेच सुटला. पण मग पहिला रस्ता कुठेतरी चालूच आहे. तिथे मिखाएल मरतोच आहे, एलिझाबेथ आणि शार्लोट एकमेकींना जन्म देतच आहेत, आणि या दोघांनी स्वतःला मिटवून काही संपवलेलं नाही. पाटी धरली तर त्यांचा त्याग खरा ठरतो, पण तिसरं घड्याळ मानावं लागतं. ती अडवणारी दोघं त्या तिसऱ्या घड्याळात ‘होती’, कॅलेंडरवर कधीच नव्हती.

बहिणीला मी हे सगळं वहीत दोन रेघा आणि एक फाटा काढून समजावलं. ती बराच वेळ फाट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मला पाटीच हवी.” मलाही. तर्काने मी फाट्याच्या बाजूचा आहे. पण ते दोघं एकमेकांसमोर उभे राहून प्रकाशाच्या ठिणग्यांसारखे विरत जातात, ते कुणी एवढ्या काळजीने चित्रित करत नाही, जर तो नुसता फाटा असेल.

आणि त्यानंतरही एक दृश्य आहे. अपघात न झालेल्या जगात काही माणसं एका घरी जेवायला जमली आहेत. बाहेर वादळ, दिवे जातात आणि येतात. मिटलेल्या जगात जी योनासची आई होती, त्या गरोदर हानाची नजर एका पिवळ्या रेनकोटवर खिळते, योनास घालायचा तसल्या. हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय असं तिला वाटतं. बाळाचं नाव काय ठेवणार असं कुणी विचारतं, आणि ती योनास हे नाव सुचवते. त्या जगाच्या कॅलेंडरवर योनास कधी नव्हता. हानाच्या मनगटावरच्या घड्याळातही तो कधी येऊन गेलेला नाही. मग ते नाव तिला सुचलं कुठून, याचं उत्तर तिन्ही वाटांपैकी एकीवरही मला अजून सापडलेलं नाही.